पुसायचे नाहीत असे कंस

कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खाली डोंबिवली आणि दिव्याच्या मधला मुख्य लाइनीचा फलाट, वर दिवा–वसई मार्गाचा. वरच्याला सगळे 'अप्पर कोपर' म्हणतात. तिथे वसईकडच्या गाडीची वाट पाहणं हा निवांत प्रकार आहे, कारण ती लोकलसारखी मागोमाग येत नाही. मग नजर फिरत राहते. खालून जाणारी लाइन ठाण्याहून कल्याणला 1 मे 1854 रोजी पोचली. वरची तिला ओलांडून वळत दिव्याकडे उतरते. रेल्वेला कोपरा कधी करता येत नाही, तिला वळणच लागतं. पलीकडे उल्हास नदीची खाडी, तीही वळत जाणारी. जिथे अजून थोडी भातखाचरं उरली आहेत, तिथले बांधही उताराच्या आणि पाण्याच्या मर्जीने वाकडेतिकडे गेलेले. आणि या सगळ्या वाकड्यावर उभ्या असलेल्या डोंबिवलीच्या इमारती मात्र काटकोनात. खिडक्या, गॅलऱ्या, जिन्याच्या पायऱ्या, टाक्यांचे चौथरे, सगळं काटकोनात. एवढे काटकोन आले कुठून?

एक काटकोन निसर्ग आपल्याला फुकट देतो. दोरीला वजन बांधून सोडलं की ती सरळ खाली लोंबते, आणि भांड्यातलं पाणी संथ झालं की आडवं होतं. त्या दोघांतला कोन नेहमी काटकोनच. गवंडी याच दोन गोष्टींवर भिंत उभी करतो: ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. भिंत जमिनीशी काटकोनात आहे की नाही हे पृथ्वीच सांगते. पण जमिनीवरच एक रेघ मारली आणि तिला आडवी दुसरी रेघ हवी असली, तर पृथ्वी गप्प बसते. तिच्या लेखी सपाटीवरच्या सगळ्या दिशा सारख्या. तिथला काटकोन आपला आपल्यालाच करावा लागतो.

शाळेत तो करायला कंपास पेटी होती. आमच्या पिढीत ती बहुतेकांची कॅम्लिनची. 1931 मध्ये दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला हा मराठी उद्योग पुढे जपानी कोकुयोकडे गेला, पण पेटी उघडताना होणारा तो 'टक' अजून कानात आहे. आत पट्टी, कोनमापक, कर्कटक, दोन गुण्ये आणि कंपास. गुण्या असताना कंपासने काटकोन का काढायचा, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारायचंच. उत्तर मिळायचं: परीक्षेत येतं म्हणून. या उत्तरावर माझा अजून राग आहे, कारण खरं उत्तर फार देखणं आहे.

गुण्या काटकोनाची नक्कल करतो. ज्या कारखान्यात तो कापला गेला तिथला काटकोन तो आपल्या वहीत आणून सोडतो. कारखान्यात चूक झाली असेल तर तीही सोबत येते. कंपास कशाचीच नक्कल करत नाही. रेघेवर एक बिंदू घ्या. त्यावर कंपासचं टोक रोवून डावी-उजवीकडे सारख्याच अंतरावर रेघ छेदा. आता कंपास थोडा अधिक उघडा, दोन्ही छेदांवरून आळीपाळीने वर एकेक कंस मारा. कंस जिथे भेटले तिथून मूळ बिंदूपर्यंत पट्टीने रेघ ओढा. झाला काटकोन. यात अंश कुठे मोजला? सेंटिमीटर कुठे वाचलं? पट्टीवरचे आकडे खरवडून टाकले तरी चालतं. डावीकडच्या खुणेला जेवढं दिलं तेवढंच उजवीकडच्या खुणेला दिलं, एवढंच. कोणत्याही बाजूला न झुकणारी रेघ एकच असू शकते, आणि ती काटकोनातच असते.

कंपास 'थोडा अधिक' उघडायचा, यालाही कारण आहे. न उघडता पहिल्याच अंतराने कंस मारले तर ते वर भेटायच्या ऐवजी खाली त्याच बिंदूवर टेकतात आणि रेघ ओढायला दुसरी जागाच मिळत नाही. पुस्तकात 'अर्ध्यापेक्षा जास्त अंतर घ्या' असं कोरडेपणाने लिहिलेलं असतं, त्यामागे ही गंमत आहे. आणि कंस पुसायचे नाहीत, ही शिक्षकांची ताकीद. तेव्हा ती जाचक वाटायची, आकृती कशी स्वच्छ दिसायला हवी! आता वाटतं, ते कंस म्हणजे साक्षीदार. ते पुसले तर उरलेली रेघ गुण्याने मारली की अंदाजाने, कोण सांगणार?

युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास ही रचना पहिल्या पुस्तकात अकराव्या क्रमांकावर ठेवली. त्याआधी, चौथ्या गृहीतकात, त्याने एक वाक्य मांडून ठेवलं होतं: सगळे काटकोन एकमेकांएवढे असतात. तो ग्रंथ अरबीत गेला, आणि नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने 18व्या शतकात तो 'रेखागणित' नावाने संस्कृतात आणला. पण दोरीने काटकोन करणं आपल्याकडे या भाषांतराच्या कितीतरी आधीचं. यज्ञवेदी मांडण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत, कात्यायनाच्या सूत्रांत, ही रीत आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवायचा, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुंट्या ठोकायच्या. त्या खुंट्यांतली रेघ पूर्व-पश्चिम. मग खुंट्यांतल्या अंतराच्या दुप्पट दोरीच्या टोकांना फास करून ते दोन्ही खुंट्यांत अडकवायचे, दोरी मधोमध धरून दक्षिणेला ताणायची, खुंटी ठोकायची. तसंच उत्तरेला. झाली उत्तर-दक्षिण रेघ, पहिलीला काटकोनात. वहीतले दोन कंस म्हणजे ही ताणलेली दोरीच. फक्त लाकडाच्या जागी शिसं आलं.

आमच्या भागात एका बांधकामावर लाइनआउट, म्हणजे जमिनीवर भिंतींची आखणी, चालू होतं तेव्हा मी उगाच उभी होते. मिस्त्रींनी मलाच कामाला लावलं. "ताई, ही दोरी धरा जरा, खुंटीपाशी." एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, तिरकं पाच. पाच जुळेपर्यंत त्यांनी दुसरी खुंटी हलवली आणि मग फक्कीची पांढरी रेघ ओढली. मी म्हटलं, लोखंडी गुण्या तर तुमच्या पिशवीत आहे. "तो लहान पडतो," ते म्हणाले, "कोपऱ्यात बरोबर आणि भिंत संपेस्तोवर भलतीकडे." हिशेब करून पाहिला: 30 फुटांच्या भिंतीत सुरुवातीला एका अंशाची चूक झाली, तर शेवटी ती सुमारे 6 इंचांची होते. ही चूक ना मालकाला दिसते ना रंगाऱ्याला. ती सापडते लादीवाल्याला. पहिल्या कोपऱ्यात अख्खी बसलेली लादी शेवटच्या ओळीत पाचरीसारखी कापावी लागते आणि तो मान न वळवता म्हणतो, "रूम गुण्यात नाही."

दाटीवाटीच्या चाळींत आणखी एक अडचण. भिंतीचं टोक शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं, रेघ पलीकडे वाढवायला जागा नाही. मग बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर कसं घेणार? कागदाच्या कडेलाही हेच होतं. त्यावर थेल्सच्या नावाने ओळखला जाणारा उपाय आहे आणि मला तो पहिल्या रचनेपेक्षाही आवडतो. रेघेबाहेर, पण टोकाच्या आतल्या बाजूला, अगदी मनाला येईल तिथे, एक केंद्र घ्या. तिथून रेघेच्या टोकातून जाणारं वर्तुळ काढा. ते रेघेला आणखी एका जागी छेदेल. त्या छेदापासून केंद्रातून पलीकडच्या परिघापर्यंत व्यास ओढा, आणि व्यासाचं ते दुसरं टोक रेघेच्या टोकाला जोडा. काटकोन! अर्धवर्तुळातला कोन नेहमी काटकोनच असतो. केंद्र जवळ घ्या, लांब घ्या, शेजाऱ्याच्या वाट्याला न जाता काम होतं. सुरुवात इतकी स्वैर आणि शेवट इतका नेमका, असं भूमितीत फार ठिकाणी दिसत नाही.

कंपास मात्र घट्ट हवा. स्क्रू सैल असला की वर्तुळ निघालं तिथे परत येत नाही, आणि दोन कंस दोन वेगळ्या अंतरांचे होतात. पेन्सिलीला टोक हवं. पहिले दोन छेद एकमेकांपासून जितके लांब, तितकी रेघ भरवशाची, कारण शिशाच्या जाडीएवढी चूक लांब अंतरात विरून जाते. हे पुस्तकात नसतं, हाताला कळतं.

घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर येत्या रविवारी त्याला वहीसकट गच्चीवर न्या. सुतळी, खडू आणि एक मदतनीस, एवढं पुरे. कठड्याला टेकून एक रेघ मारा, तिच्यावर दोरीने काटकोन उभा करायला सांगा, आणि मग तीन, चार, पाच फुटांनी तो तपासू द्या. खडूचे कंस पुसू नका. लोखंडी गुण्या सगळ्यात शेवटी काढा, आणि तोही त्या काटकोनावर ठेवून बरोबर आहे का ते पाहा.