डॉट आयओचा सातबारा

मागच्या शनिवारची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र मिळून वीकेंडला एक छोटंसं टूल लिहितोय. कोड निम्मा झाला, नाव मात्र ठरेना. जे सुचेल त्याचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं! शेवटी मित्र वैतागून म्हणाला, "अरे डॉट आयओ घेऊन टाक ना. इनपुट-आउटपुट! आपल्याला शोभतं पण आणि नाव शिल्लक पण आहे." कार्ड काढलं, नंबर टाकायला घेतला आणि थांबलो.

कारण आमच्या घरातली एक सवय. गावाकडे गुंठाभर जागा घ्यायची तरी बाबा आधी सातबारा बघतात. सातवर नाव कुणाचं, बारावर पीक कुणाचं. दोन्हीचा मेळ बसला नाही तर व्यवहाराला हात लावायचा नाही. म्हटलं, चला, आज डॉट आयओचा सातबारा काढू.

आधी तलाठी कोण ते बघू. इंटरनेटच्या नावांची सगळ्यात वरची वही म्हणजे रूट झोन. डॉट कॉमसाठी कुठल्या सर्व्हरला विचारायचं, डॉट इनसाठी कुठल्या, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ही वही आयाना नावाची यंत्रणा सांभाळते. सुरुवातीची अनेक वर्षं आयाना म्हणजे जवळजवळ एकच माणूस होता, कॅलिफोर्नियातला जॉन पोस्टेल. (मोठी पांढरी दाढी, पायात सँडल. फोटो बघा, आजोबा वाटतात.) मार्च १९९४ मध्ये त्याने आरएफसी १५९१ लिहिलं. त्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली, अमुक प्रदेश हा देश आहे की नाही हे ठरवायच्या भानगडीत आपण पडायचं नाही. आयएसओ ३१६६ या यादीत ज्याला दोन अक्षरी कोड असेल त्याला डोमेन मिळेल. दुसरी, डोमेन चालवणारा हा त्याचा मालक नव्हे, विश्वस्त. त्याने हक्काची भाषा बोलायची नाही, सेवेची बोलायची.

ऐकायला छान! पण विश्वस्त नेमताना तिकडच्या लोकांना विचारलं का, हा प्रश्न उरतोच.

आता डॉट आयओ. आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट नाही, इंडियन ओशन. पूर्ण नाव ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी. १९६५ साली, मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून हा नवा प्रदेश तयार केला. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. तिथे पिढ्यान् पिढ्या नारळाच्या बागांत काम करणारी माणसं राहत होती. १९६८ ते १९७३ या काळात ती सगळी हलवली, मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली. आपल्याकडे धरणग्रस्तांना निदान कागदावर तरी पुनर्वसन मिळतं. इथे गावंच्या गावं उठवली आणि तिथे कायमची वस्ती नव्हतीच असं वर सांगितलं.

म्हणजे डॉट आयओ हे डोमेन १९९७ साली वहीत चढलं तेव्हा त्या प्रदेशात एकही मूळ रहिवासी नव्हता. विचारायचं तरी कुणाला? इंटरनेट कॉम्प्युटर ब्युरो नावाची एक खाजगी ब्रिटिश कंपनी विश्वस्त झाली. मी नोंद उघडली तर पत्ता चक्क दिएगो गार्सियाचा! जिथे तुम्हाआम्हाला पाऊल ठेवता येत नाही, तिथला. २०१४ साली ब्रिटिश सरकारने संसदेत उत्तर दिलं की आम्हाला या डोमेनमधून काहीही महसूल मिळत नाही. चागोसच्या लोकांना मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. आणि २०१७ मध्ये ती कंपनी अफिलियास या दुसऱ्या कंपनीने सुमारे सात कोटी डॉलरना विकत घेतली. विश्वस्ताने विश्वस्तपद विकलं की हो! सातबाऱ्यावर "इतर हक्क" असा एक रकाना असतो, तो इथे कोराच.

म्हटलं, सगळीकडे असंच आहे का? तर नाही.

तुवालू हा पॅसिफिकमधला साधारण अकरा हजार वस्तीचा देश. नशिबाने त्यांना टीव्ही हा कोड मिळाला. त्यांनी एका परदेशी कंपनीशी करार केला, आलेल्या पैशातून २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळवायला मदत झाली. पुढे अनेक वर्षं व्हेरिसाइन ते डोमेन चालवत होती. २०२१ मध्ये करार संपत आला तेव्हा तुवालूने काम गोडॅडीला दिलं.

जवळच निउए आहे, वस्ती दोन हजारसुद्धा नाही. त्यांचं डॉट एनयू १९९७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका व्यावसायिकाच्या हाती गेलं. स्वीडिश भाषेत "नु" म्हणजे "आत्ता", त्यामुळे स्वीडनमध्ये नावं धडाधड खपली. त्या पैशातून बेटावर २००३ साली फुकट वाय-फाय आलं हेही खरं. पण सरकार "आमचं डोमेन परत द्या" म्हणत राहिलं आणि ते काही परत मिळालं नाही. २०१३ पासून ते एक स्वीडिश संस्था चालवायला लागली, आणि २०१८ मध्ये निउएने स्वीडनच्या कोर्टात दावा लावला. कसेल त्याची जमीन, असा युक्तिवाद इथे कुणी केला तर? कसणारा स्वीडनमध्ये, जमीन पॅसिफिकमध्ये!

आता घरचं बघू. डॉट इन १९८९ सालचं. सुरुवातीला ते आपल्या मुंबईतच होतं, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे. कागदपत्रं इतकी मागायचे की पंधरा वर्षांत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावं नोंदली गेली. ताबा पूर्ण आपला आणि उपयोग जवळजवळ शून्य. २००५ पासून निक्सीने दारं उघडली. तांत्रिक काम कंत्राटावर दिलं ते कुणाला? अफिलियासलाच! हो, तीच कंपनी. पण फरक बघा. २०१९ मध्ये निविदेतून ते काम न्यूस्टार या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. अफिलियासला आवडलं नसेल, पण डॉट इन सोडावं लागलं. इकडे ती भाडेकरू होती, आयओवर मालक.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. सर्व्हर कुठे आहेत, कंपनी कुठल्या देशाची, हे दुय्यम आहे. डोमेन कुणाचं हे ओळखायची खूण एकच: चालवणाऱ्याला काढून टाकायची ताकद कुणाकडे आहे? तुवालूकडे आहे, आपल्याकडे आहे. निउएकडे नाही. आणि चागोसच्या लोकांना तर प्रश्नही कुणी विचारला नाही.

आता पुढचं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या केल्या. तळ मात्र ९९ वर्षं राहणार असं त्यात लिहिलं. याही वाटाघाटीत बेटांवरून हाकललेली माणसं टेबलावर नव्हती, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्याबद्दल निषेधही केला. समजा, उद्या तो ब्रिटिश प्रदेश नकाशावरून गेला आणि यादीतून आयओ कोड निघाला, तर नियमाप्रमाणे डोमेन बंद करायची प्रक्रिया सुरू होऊ शकते: पाच वर्षांची मुदत, फार तर दहा. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये असंच मिटलं. आयओत एवढा पैसा आहे की काहीतरी मार्ग काढतील असा माझा अंदाज. म्हणजे वेबसाइटवाल्यांची सोय होईल, त्यांच्यासाठी भांडायला वकील आहेत.

आम्ही शेवटी डॉट इन घेतलं. मित्र म्हणाला, "त्याने चागोसवाल्यांना काय फरक पडणार?" काहीच नाही. रोज ऑफिसात मी डझनभर डॉट आयओ साइट उघडतो आणि सोमवारीही उघडणार. फक्त बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "ज्यांना उठवलं त्यांच्यापैकी कुणाचं नाव लागलंय का कुठे?"

नाही लागलं, बाबा.