उचलेल तेवढीच गाडी

विद्यार्थी मित्रहो, ज्या वयात माणसाने हाती काठी धरावी अशी चारचौघांची अपेक्षा असते, त्या वयात आम्ही मोटारसायकलीची किल्ली हाती धरली. ही वार्ता बेळगावात पसरण्यास वेळ लागला नाही. कोणी हसले, कोणी हळहळले, आणि कोणी आमच्या प्रकृतीची चौकशी अशा काही स्वरात केली की प्रकृतीपेक्षा आमच्या बुद्धीविषयीच त्यांस अधिक काळजी वाटत असावी. तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या माणसाने दूरच्या प्रवासासाठी गाडी कशी निवडली, हे येथे थोडक्यात सांगावे असे योजिले आहे.

प्रथम प्रवासाचे कारण सांगितले पाहिजे. तीस वर्षे आम्ही वर्गात इतिहास शिकविला. तंजावरच्या भोसले घराण्याचा पाठ आला की बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेल्या मराठी शिलालेखाचे वर्णन आम्ही मोठ्या आवेशाने करीत असू. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या काठी, तमिळ भूमीवर, दगडात कोरलेली आपली अक्षरे! निवृत्तीनंतर मनाने घेतले की, ज्याचे वर्णन जन्मभर केले ते एकदा या डोळ्यांनी पाहावे. आगगाडीने जाता आले असते. परंतु आगगाडी स्थानके दाखविते, गावे दाखवीत नाही. शिवाय वाटेत चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे हे गाव लागते. शहाजीराजांची समाधी तेथे आहे. १६६४ साली त्याच परिसरात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. असल्या आडवाटेच्या गावी जाण्यास दोन चाकांसारखे साधन नाही.

बेळगावाहून तंजावर सुमारे नऊशे किलोमीटर. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली असा मार्ग. आडवाटा धरून जाऊन-येऊन दोन हजारांच्या घरात हिशेब जातो. आता गाडी कोणती घ्यावी?

सल्ल्यांस तोटा नव्हता. आमच्या तरुणपणी मैसूरच्या कारखान्यातून निघणारी येझदी व मद्रासची बुलेट ही दोन दैवते होती, आणि जो तो आपापल्या दैवताची अजून पूजा करीत होता. स्नेही म्हणाले, “लांब जायचे तर गाडी भारी हवी, रस्त्याला धरून चालते.” पुण्यास असलेले आमचे चिरंजीव दूरध्वनीवरून म्हणाले, “बाबा, जायलाच नको. पण जाणारच असाल तर मोठी तरी घ्या.” एक माजी विद्यार्थी तर म्हणाला, “सर, तुम्हांला मोठी गाडीच शोभते.” हे शेवटचे वाक्य ऐकून आम्हांस क्षणभर गुदगुल्या झाल्या, हे लपवीत नाही.

या सर्व चर्चेत आमच्या सौभाग्यवती गप्प होत्या. भाजी निवडता निवडता त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अहो, तुम्ही पडलात तर कोणीतरी धावून येईल, पण माळरानावर गाडी पडली तर ती उचलणार कोण?”

मित्रहो, मोटारसायकलीवरची पुस्तके व माहितीपत्रके आम्ही पुष्कळ चाळली होती. अश्वशक्ती, वेग, टाकीचे माप हे सर्व त्यांत होते. हा प्रश्न मात्र कोठेच नव्हता. वस्तुतः उतारवयातील प्रवाशास पहिला प्रश्न हाच पडावयास हवा. वय वाढते तसतशी स्नायूंची शक्ती घटत जाते. गाडीवर बसून ती चालविणे फारसे अवघड नसते, कारण चालती गाडी आपला तोल पुष्कळसा आपणच सांभाळते. शक्तीची परीक्षा होते ती गाडी थांबल्यावर: उतारावर मागे ढकलताना, वाळूत वळविताना आणि आडवी पडल्यावर.

म्हणून आम्ही परीक्षा घेण्याचे ठरविले. गाडी नव्हे, परीक्षार्थी आम्ही. त्या माजी विद्यार्थ्याचे शहराबाहेर शेत आहे. तेथे पेंढ्याचा जाड थर अंथरून त्याच्या व त्याच्या मित्रांच्या तीन गाड्या आम्ही पाळीपाळीने आडव्या केल्या. पहिली हिमालयन, ४५० सी.सी.ची, इंधनासह वजन सुमारे १९६ किलो. दुसरी एक्सपल्स, २०० सी.सी.ची, सुमारे १५८ किलो. तिसरी साधी स्प्लेंडर, ९७ सी.सी.ची, ११२ किलो. आमचे स्वतःचे वजन ६२ किलो.

गाडी उचलण्याचीही एक रीत आहे. वाकून, कमरेच्या बळावर उचलू नये. गाडीकडे पाठ करून बैठकीला टेकावे, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची दांडी धरावी, आणि गुडघे सरळ करीत पावलापावलाने मागे सरावे. तुम्ही विज्ञानात तरफेचा नियम शिकता तोच येथे चालतो. टायर जमिनीला टेकतात तो टेकू. गाडीचे वजन त्या टेकूपासून जितके दूर तितका भार अधिक. गाडी पूर्ण आडवी असते तेव्हा हे अंतर सर्वांत जास्त, म्हणून पहिली वीतभर उंची सर्वांत कठीण. पुढे ती उभी होत जाते तसा भार हलका होत जातो.

हिमालयन वीतभर उठली आणि पुन्हा पेंढ्यावर विसावली. एक्सपल्स पहिल्या खेपेस उभी राहिली. दुसऱ्या खेपेस आमचे पाय थरथरू लागले. स्प्लेंडर आम्ही तीनदा पाडली व तीनदा उभी केली, आणि चौथ्यांदाही करता येईल एवढा श्वास छातीत शिल्लक होता. विद्यार्थी म्हणाला, “सर, निकाल लागला.”

तथापि हलक्या गाडीचे सर्वच गुण नसतात. महामार्गावर मालमोटारी शेजारून जातात तेव्हा वाऱ्याचा झोत हलक्या गाडीस अधिक जाणवतो. चढावर ती धापा टाकते. आपल्या देशात २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या गाड्यांस चाक न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. लहान गाडीस तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी योजना पुरेशी धरली गेली. या उणिवांची भरपाई यंत्राने नव्हे, तर चालविणाऱ्याने करावयाची असते. आम्ही ताशी पन्नासच्या वर जावयाचे नाही, दिवसास दीडशे ते एकशे ऐंशी किलोमीटरच कापावयाचे, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावयाचा असे ठरविले. उतारवयात डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी रुंदावत नाही व समोरचा झोत अधिक दिपवितो. तेव्हा रात्रीचा प्रवास वर्ज्यच.

उलट पारड्यात काय होते तेही पाहा. बैठकीची उंची ७८५ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. टाकी ९.८ लिटरची, लिटरला साठ किलोमीटर धरले तरी एका टाकीत पाचशेहून अधिक मजल. आणि ही गाडी १९९४ पासून रस्त्यावर असल्याने तिचा सुटा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो व तिचा मिस्त्री कोणत्याही तिठ्यावर भेटतो.

असा विचार करणारे आम्हीच पहिले, असेही नव्हे. सायमन गँडॉल्फी नावाच्या इंग्रज लेखकाने २००६ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मेक्सिकोतील वेराक्रुझहून निघून १२५ सी.सी.च्या होंडावर दक्षिण अमेरिकेचे अगदी खालचे टोक गाठले. त्याआधी २००३ साली लोइस प्राइस ही इंग्रज तरुणी अलास्काहून अर्जेंटिनाकडे निघाली, ती २२५ सी.सी.ची हलकी यामाहा घेऊन. पृथ्वी मोठी असली म्हणून गाडी मोठी लागते असे नाही.

गाडी हलकी घेऊन तिच्यावर ओझे लादले तर व्यर्थच. सामान आम्ही स्वयंपाकघरातील काट्यावर तोलले. अठरा किलो भरले. त्यातून दुसरा स्वेटर गेला, तीन पुस्तके गेली, चिवड्याचा मोठा डबा गेला; अकरा किलो उरले. रक्तदाबाच्या गोळ्या, पंक्चरचे साहित्य व एक ट्यूब यांस मात्र हात लावू दिला नाही. जड वस्तू खाली व पुढे, हलक्या वर व मागे. मागच्या चाकाच्याही मागे जड ओझे बांधले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डळमळते.

संक्रांतीनंतर आम्ही निघालो. होदिगेऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून पाणी पीत होतो, तोच चरत आलेल्या एका म्हशीने गाडीला अंग घासले आणि गाडी धाडकन आडवी झाली. म्हैस शांतपणे पुढे गेली. दोन्ही बाजूंस दृष्टी पोहोचेल तेथवर मनुष्य नव्हता. आम्ही सामान सोडले, गाडीकडे पाठ केली, गुडघे सरळ केले. गाडी उभी राहिली. तिच्या आरशाला एक ओरखडा उमटला होता, एवढेच. तासाभराने समाधीपुढे हात जोडून उभे राहिलो तेव्हा घोड्यावरून पडलेल्या त्या थोर पुरुषाची आठवण नेहमीहून निराळी, जवळची वाटली.

पुढे तंजावरही पाहिले. भिंतीवरील ती देवनागरी अक्षरे बोट न लावता, ओळीमागून ओळ, दुपार कलेपर्यंत वाचीत राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या एका तमिळ मुलाने खुणेने विचारले, “हे तुम्हांस वाचता येते?” आम्ही मान हलविली. तीस वर्षांच्या अध्यापनाचे सारे वेतन त्या एका मानेच्या हालचालीत मिळाले.

मित्रहो, तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत या वाहनास हात लावावयाचा नाही, आणि पुढेही हेल्मेटवाचून बसावयाचे नाही, हे आमच्यातील शिक्षक सांगतोच आहे. परंतु साधन निवडण्याची वेळ तुमच्यावर गाडीपुरतीच येणार नाही. ते आपल्याला शोभते काय हा प्रश्न सर्वजण विचारतील. ते कोसळले तर आपल्याला एकट्याने उभे करता येईल काय, हा प्रश्न तुम्ही स्वतःस विचारा.

वयाची पंचावन्न वर्षे उलटली की वाहनाचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. आमच्या परवान्याची आणखी चार वर्षे शिल्लक आहेत आणि ग्वाल्हेर अजून पाहावयाचे आहे. दर वर्षी निघण्यापूर्वी त्या शेतात पेंढा अंथरावयाचा व गाडी आडवी करून उचलावयाची, असा करार आम्ही सौभाग्यवतींशी केला आहे. परवान्यावरची तारीख सरकार ठरविते; खरी तारीख तो पेंढा ठरवील. ज्या वर्षी गाडी उठणार नाही, त्या वर्षी किल्ली आम्ही स्वतःच त्यांच्या हाती देऊ.