दादांना आवडणार नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या मलकापुरातून कोणी माहेरी जातं, कोणी महाबळेश्वरला. त्या वर्षी आम्ही मुंबईला निघालो, तेही चित्रांची प्रदर्शनं बघायला. शेजारच्या चाचींनी विचारलं, ‘‘हाजीअलीला चाललात का?’’ मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. खरं सांगायची लाज वाटली.

हट्ट मुलीचा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा तिनं शाळेत असतानाच दिल्या होत्या. बारावीनंतर तिला चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचं होतं. अर्जाचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असे, ‘‘दादांना आवडणार नाही.’’

दादा म्हणजे माझे अब्बा. ते स्वतः पेंटर. हायवेलगत त्यांचं टपरीवजा दुकान होतं. ट्रकच्या नंबरप्लेटा, उसाच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीत भिंती, असं मिळेल ते काम करत. माणसाचा चेहरा काढायचा झाला तर डोळे सगळ्यात शेवटी काढत. मी लहान असताना मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी हदीसचा हवाला देऊन त्यांना सुनावलं होतं की, तसवीर काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी हुकूम होईल, आता हिच्यात जीव घाल. पुढे अब्बांनी चेहरे काढणं सोडलं. नुसती अक्षरं रंगवू लागले. आम्ही घरच्यांनी दोन्हींची सांगड घातली. त्यांना विचारलं मात्र कोणीच नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरलो, भायखळ्याला खालाकडे सामान टाकलं आणि काळा घोडा गाठला. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथं उभी आहे. आत जायला तिकीट नाही, तरी माझा पाय उंबऱ्यावर अडखळला. अब्बा सरळ आत गेले. एका मोठ्या निसर्गचित्राजवळ जाऊन त्यांनी मान तिरकी केली, उजेडात रंगाचा थर पाहिला आणि हळूच म्हणाले, ‘‘अस्तर नीट मारलं नाही. पावसाळा सोसायचा नाही याला.’’ मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली.

मी त्यांना हुसेनसाहेबांबद्दल सांगितलं. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्या पंढरपुरात जन्मले. मुंबईत आल्यावर पोटासाठी सिनेमाचे बोर्ड रंगवले. देशभर नाव झालं, वादही झाले. २००६ मध्ये देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. अब्बांनी एकच विचारलं, ‘‘बोर्ड चौकटी आखून काढायचे, का नुसत्या हातानं?’’ मला उत्तर देता आलं नाही.

दुपारी शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. लघुचित्रांच्या दालनात अब्बा एका मुघल चित्रापुढे थबकले. वीतभर कागदावर माणसं, झाडं, घोडे. खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश वापरत असत, हे मुलीनं सांगताच त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘डोळा बघ,’’ म्हणाले, ‘‘एका केसाचं काम आहे.’’

मी पाठ करून आलेला धडा तिथं म्हटला. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाचं म्हणणं नोंदवलंय. सजीवाचं चित्र काढणाऱ्याला एकेक अवयव रेखाटताना कळून चुकतं की यात जीव घालणं आपल्या हाती नाही; म्हणून त्याला जीव देणाऱ्या अल्लाहची आठवण होते.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘ये मेरेकू कायकू सुनारा?’’

मुलीला राहवलं नाही. ‘‘अब्बू म्हणतात, तुम्हाला आवडणार नाही.’’

‘‘मैं कब बोल्या?’’

बाहेर झाडाखाली बसल्यावर ते सांगू लागले. एका गिऱ्हाइकानं मयत वडिलांचं चित्र काढायला दिलं होतं. आठ दिवस खपून काढलं. मुलगा बघून म्हणाला, ‘‘हे आमचे बापू नव्हेत.’’ अब्बांनी पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा चेहऱ्याला हात लावला नाही. ‘‘लोक समजले मी बुजुर्गांचं ऐकलं. मीही समजू दिलं. हात कमी पडला म्हणण्यापेक्षा ते बरं वाटत होतं.’’

मी मान खाली घातली. त्यांनी बुजुर्गांचा आडोसा घेतला होता, मी त्यांचा घेतला होता. तसवीर जायज की नाजायज, यावर आलिमांमध्येही एकमत नाही. पण माझी अडचण ती नव्हतीच. फी कुठून आणायची, चित्रं काढून पोट भरेल का, मोहल्ला काय म्हणेल, ही माझी भीती होती. ती माझ्या नावानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिला अब्बांचं आणि दीनचं नाव दिलं.

मलकापुरात उतरलो तेव्हा चाची दारातच होत्या. ‘‘तबर्रुक आणलं का?’’

‘‘हाजीअलीला गेलोच नव्हतो, चाची. चित्रं बघायला गेलो होतो.’’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मागून अब्बा म्हणाले, ‘‘पोतीकू पेंटर बनना है.’’

फीचा हिशेब अजून जुळलेला नव्हता. अर्ज मात्र त्याच रात्री भरला.