वाळवंटांतील वऱ्हाडवाट

विवाहाचा संस्कार व्हावा म्हणून वधूवरांनीं चारशें मैलांचें वाळवंट छपराच्या गाडींतून ओलांडावें, आणि संस्कार होतांच त्याच वाटेनें तितकेच मैल परत यावें, ही गोष्ट लग्नसराईंत गाड्याघोड्यांची विवंचना करणाऱ्या आपल्याकडील वधूपित्यांना कादंबरींतील वाटेल. परंतु अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांतील कित्येक जोडप्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रत्यक्ष करून दाखविली. त्या वाटेला पुढें 'मधुचंद्राचा मार्ग' असें गोड नांव पडलें. ज्या मुलींनीं ती तुडविली त्यांना मात्र तें ठाऊक नव्हतें. यजमानांना ओसाड गांवांची आवड आणि मला जुन्या घराण्यांच्या हकीकतींची; दोहोंचा मेळ या एकाच रस्त्यावर बसत असल्यामुळें, परक्या मुलखांत असतांना आम्हीं उभयतांनीं ती वाट मोटारीनें पाहून घेतली. आमच्या संसारास तीस वर्षें होऊन गेलीं असल्यानें मधुचंद्राचें निमित्त सांगण्याजोगें नव्हतें, हें वेगळें सांगावयास नको.

ही वाट पाडणारे लोक मॉर्मन पंथाचे. हा ख्रिस्ती पंथ जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं न्यूयॉर्क प्रांतांत स्थापन केला. शेजाऱ्यांशीं त्याचें कोठेंच पटेना. १८४४ सालीं जमावानें स्मिथचा वध केला, तेव्हां अनुयायी ब्रिगहॅम यंग याच्या मागोमाग पश्चिमेस निघाले आणि १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत येऊन राहिले. तेथून यंगनें कुटुंबांचीं नांवें पुकारून त्यांना दूरदूरच्या वसाहतींस धाडण्याचा क्रम सुरू केला. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून कापसाची टंचाई होणार असें दिसतांच १८६१ सालीं तीनशेंहून अधिक कुटुंबांना यूटा प्रांताच्या दक्षिण टोकास कापूस पिकविण्यास पाठविलें. त्यांनीं वसविलेलें गांव तें सेंट जॉर्ज. तांबड्या डोंगरांच्या पायथ्याशीं शुभ्र रंगाचें त्यांचें मंदिर १८७७ सालीं पुरें झालें. यूटामध्यें पूर्ण झालेलें तें पहिलें मंदिर.

मंदिरांतच लग्न लावण्याचा एवढा अट्टाहास कां, हें कळण्यास त्यांची एक समजूत ध्यानांत घेतली पाहिजे. साध्या लग्नाची गांठ मृत्यूबरोबर सुटते, परंतु मंदिरांत बांधलेली गांठ परलोकींहि टिकते आणि मुलेंबाळें आईबापांस अनंतकाळ जोडलेलीं राहतात, असें ते मानतात. सात जन्मांचें सांगातीपण मागणाऱ्या आपल्या सुवासिनींना यांत कांहीं विपरीत वाटणार नाहीं. १८७६ पासून ॲरिझोनांत लिटल कोलोरॅडो नदीच्या कांठीं मॉर्मनांच्या नव्या वसाहती झाल्या. त्यांना सोयीचें मंदिर सेंट जॉर्जचेंच. शेतींतील सुगी आटोपली कीं चारदोन गाड्या एकत्र निघत. कित्येकांचें लग्न गांवींच लागलेलें असे आणि मंदिरांतील संस्कार सवडीनें होई. त्यामुळें एखाद्या नववधूच्या मांडीवर तान्हें मूलहि असे.

संस्कार आटोपलेल्या जोडप्यांची परतीची वाट ती आम्हीं धरिली. सेंट जॉर्जहून पूर्वेस गेल्यावर पहिला मोठा मुक्काम पाइप स्प्रिंग येथील झऱ्याचा. सभोंवतीं कोसन् कोस खुरटीं झुडपें, आणि मध्येंच तांबड्या दगडाचा एक छोटा गढीवजा वाडा. दोन दुमजली घरें समोरासमोर, मध्यें चौक, आणि चौकाच्या दोन्ही तोंडांस भक्कम दरवाजे. १८७० सालीं याचें काम सुरू झालें. एक घर नेमकें झऱ्याच्या मुखावर बांधून पाणी घरांतच घेतलें होतें. पंथाकडे दानादाखल आलेलीं गुरें येथें पाळीत, आणि लोणी व चीज करून सेंट जॉर्जच्या मंदिराचें बांधकाम करणाऱ्या मजुरांस पाठवीत. १८७१ सालीं ॲरिझोना प्रांतांतील पहिलें तारायंत्र याच वाड्यांत बसलें, आणि तें चालविणारी होती एक तरुण मुलगी! याच वाड्याची आणखीहि एक आठवण आहे. या पंथांत त्या वेळीं पुरुषास अनेक बायका करण्याची मोकळीक होती. १८८२ सालीं सरकारनें त्याविरुद्ध कडक कायदा केल्यावर नवऱ्यावर खटला होऊं नये म्हणून कांहीं बायका येथें येऊन लपून राहत. १८९० सालीं पंथानें ही चाल सोडल्याचें जाहीर केलें. अनंतकाळच्या गांठीचा एक पदर असाहि होता.

झऱ्यावर घर बांधण्यांत धोरण होतें, यांत शंका नाहीं. पण तें पाणी निर्मनुष्य रानांतलें नव्हतें. कायबाब पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या झऱ्यावर जगत आले होते. रानांतील गवताचें बी हें त्यांचें मुख्य अन्न. गुरांच्या कळपांनीं तें गवत खाऊन फस्त केलें आणि पाणी भिंतीआड गेलें. मग उपासमार आणि रोगराई यांस वेळ लागला नाहीं. १९०७ सालीं त्याच लोकांसाठीं त्या भागांत राखीव प्रदेश नेमण्यांत आला, आणि १९२३ सालीं त्याच्या पोटांतला हा वाडा राष्ट्रीय स्मारक ठरला. तेथील वस्तुसंग्रहालय आतां सरकारी खातें व पायूट लोक मिळून चालवितात, म्हणून पाहुण्यांस दोन्ही बाजू ऐकावयास मिळतात. लोण्याच्या कोठीजवळ उभें राहून यजमान म्हणाले, "घर बांधणाऱ्याचें नांव दारावर असतें, पाणी हरवलेल्याचें कोठें असतें?" त्या वेळीं मजपाशीं उत्तर नव्हतें.

तेथून रस्ता कायबाबच्या पठारावर चढतो. सुमारें आठ हजार फूट उंचीवर देवदारासारख्या उंच वृक्षांचें गर्द अरण्य लागतें, आणि पलीकडे उतरतांच पुन्हां वाळवंट. डाव्या हातास शेंदरी रंगाच्या कड्यांची प्रचंड भिंत मैलोगणती सोबत करिते. या भिंतीच्या शेवटास लीज फेरी हें कोलोरॅडो नदीचें उतारस्थान आहे. ही नदी शेंकडों मैल खोल दरींतून वाहते, त्यामुळें गाडी पाण्यापर्यंत नेतां येईल अशी जागा मिळणें दुर्घट. पारिया नांवाची लहान नदी जेथें तिला मिळते तेथें मात्र दोन्ही कांठ खालीं येतात. हें हेरून १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत जॉन ली यानें येथें तर सुरू केली. १८५७ सालीं यूटांतील माउंटन मेडोज येथें सुमारें सव्वाशें वाटसरूंची जी कत्तल झाली तींतील तो एक प्रमुख. १८७७ सालीं त्याच जागीं त्याला गोळ्या घालून देहान्त शासन देण्यांत आलें. त्याच्या बायकांपैकीं एमा ही या निर्जन खोऱ्यांत मुलांसह राहिली आणि १८७९ पर्यंत तिनें तर संभाळली. या जागेस 'एकाकी दरी' अशा अर्थाचें नांव आहे. तें तिच्याच मुखांतून निघालें असें सांगतात. अर्थात् या वाटेवर मुलींच्या मधुचंद्राच्या गाड्या नदीपार करणारें घर हें एका बाईचें एकटेपणाचें घर होतें.

जवळच लहानसें स्मशान आहे. एमाच्या वेळींच तरीवर आलेल्या जॉन्सन या गृहस्थाकडे पुढें तिची व्यवस्था होती. १८९१ सालीं वाटेनें जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर घटसर्प आला, आणि थोड्याच आठवड्यांत जॉन्सनचीं चार लेंकरें दगावलीं. आल्यागेल्यास दार उघडें ठेवणें हा ज्यांचा धर्म, त्यांच्याच घरांत रोग अशा वाटेनें शिरला. १९२८ सालीं तर बुडून तीन माणसें मेलीं. पुढच्याच वर्षीं थोडें खालच्या बाजूस पाण्यापासून सुमारें पावणेपांचशें फूट उंच लोखंडी पूल वाहतुकीस खुला झाला. १९९५ सालीं शेजारीं नवा पूल झाल्यावर जुना आतां पायीं चालणाऱ्यांसाठीं राखला आहे. त्यावर उभें राहून खालीं पाहिलें असतां, ज्यांनीं गाडी तराफ्यावर चढविली त्यांच्या धैर्याची कल्पना येते.

पुलापलीकडे नॅव्हाहो लोकांचा विस्तीर्ण मुलूख ओलांडून दक्षिणेस दीडशें मैलांवर विन्स्लो हें गांव लागतें. लिटल कोलोरॅडो नदी याच गांवाजवळून वाहते. वर्षाचा बराच काळ नुसती वाळू, आणि पूर आला कीं गढूळ लोंढा. १८७६ सालीं मॉर्मनांनीं हिच्या कांठीं चार वसाहती मांडल्या. त्यांपैकीं सनसेट या वसाहतींत सर्व मालमत्ता सामाईक होती. एकच मुदपाकखाना, एकच पंगत, आणि बायका पाळीपाळीनें स्वयंपाकास. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचक भगिनींना या व्यवस्थेचीं सुखें व कुरबुरी दोन्ही मीं सांगावयास नकोत. परंतु वसाहत मोडली ती कुरबुरींमुळेंच नव्हे. नदीवर बांध घालावा आणि पुरानें तो न्यावा, असें वारंवार झालें. ओबेड हें गांव दलदलीच्या तापानें वर्षभरांतच उठलें, ब्रिगहॅम सिटी कांहीं वर्षांत, आणि सनसेट १८८८ च्या सुमारास. आज सनसेटची खूण म्हणून उरलें आहे एक स्मशान.

त्या स्मशानाच्याच आवारांत, म्हणजे होमोलोवी या सरकारी उद्यानांत, त्याहून कितीतरी जुनें गांव पडलेलें आहे. इ. स. १२६० च्या सुमारापासून १४०० पर्यंत येथें होपी लोकांचे पूर्वज नांदत होते. एका वाड्यांत सुमारें बाराशें खोल्या होत्या असें उत्खननावरून ठरलें आहे. याच नदीच्या पाण्यावर ते मका आणि कापूस पिकवीत. भिंती आतां गुडघ्याइतक्या. सभोंवतीं नक्षीच्या खापऱ्यांचा सडा. एकहि खापरी उचलून नेण्याची मनाई आहे, आणि ती केवळ कायद्याची नव्हे. उत्तरेकडील टेकड्यांवरच्या गांवांत आजहि राहणारे होपी लोक म्हणतात कीं, हें गांव मेलेलें नाहीं; आमचे वाडवडील पुढें चालत गेले आणि वाट कळावी म्हणून पाउलखुणा मागें ठेविल्या. त्या उचलल्या तर वाट पुसेल.

एकाच नदीकांठचे हे दोन अवशेष जवळजवळ पाहिले म्हणजे हिशेब आपोआप मनांत येतो. पहिले येथें सुमारें एकशेंचाळीस वर्षें टिकले, दुसरे बारा. पहिल्यांच्या व्यक्तींचीं नांवें कोणासहि ठाऊक नाहींत, पण त्यांचे वंशज त्या जागेस आपली म्हणून येतात. दुसऱ्यांचीं नांवें तर कागदोपत्रीं अत्यंत काळजीनें जपलेलीं आहेत. गेलेल्या पूर्वजांनाहि मंदिरांतील संस्कारानें कुटुंबास जोडतां येतें, अशी मॉर्मनांची श्रद्धा असल्यानें वंशावळ शोधणें हें त्यांचें धर्मकृत्यच झालें आहे. १८९४ सालीं त्यांनीं सॉल्ट लेक येथें वंशावळींची संस्था काढली. तिनें जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचीं छायाचित्रें जमविलीं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचींहि त्यांत आहेत. ज्या वह्यांत आपल्या देशाच्या यात्रेकरूंचे बापआजे नोंदलेले, त्यांच्या प्रती मॉर्मनांच्या दप्तरांत असाव्या, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

चार वसाहतींपैकीं जोसेफ सिटी एवढीच टिकली. बांध वाहून गेला कीं पुन्हां घालावयाचा, हा तेथील लोकांचा नेम. दक्षिणेस स्नोफ्लेक हें १८७८ सालचें गांव आहे. नांवाचा शब्दार्थ हिमकण; पण त्याचा हिमाशीं संबंध नाहीं, स्नो आणि फ्लेक या दोघां संस्थापकांचीं आडनांवें जोडून तें झालें. १९२७ सालीं ॲरिझोनांतच मेसा येथें मंदिर झालें आणि सेंट जॉर्जची लांबची वाट धरण्याचें कारण उरलें नाहीं. २००२ पासून तर स्नोफ्लेक गांवासच स्वतःचें मंदिर आहे. पणजीनें ज्या संस्कारासाठीं वाळवंट ओलांडलें तो आज पणतीस घरापासून हांकेवर आहे.

आपल्या घराण्यांतूनहि कुलवृत्तांत छापण्याची चाल आहे, आणि ती फार चांगली आहे. तथापि बहुतेक ग्रंथांत पुरुषांची वेल गोत्रापासून नातवापर्यंत अखंड चढते, आणि स्त्रिया 'भार्या' म्हणून सासरच्या एका नांवानें येऊन जातात. माहेरचें नांव काय, गांव कोणतें, हें पुष्कळ वेळां नसतें. मुलींची संख्या असते, नांवें नसतात. श्राद्धांत आपण आई, आजी, पणजी यांचा नामोच्चार करितों. मग छापील ग्रंथांतच त्यांनीं निनांवी कां राहावें? एमा, तारायंत्रावरील मुलगी, मांडीवर तान्हें घेऊन संस्कारास गेलेली वधू, यांना वगळलें तर त्या वऱ्हाडवाटेचा इतिहास कितीसा उरेल?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आमच्या कुलवृत्तांतांत मूळपुरुषानें घाटावर येऊन 'गांव वसविलें' असें मोठ्या अभिमानानें लिहिलेलें आहे. अभिमान योग्यच. पण त्या ओढ्याचें पाणी त्याआधीं कोण पीत होतें, हा रकाना ग्रंथांत नाहीं. नव्या आवृत्तीचें काम आतां घरांत निघालें आहे, तेव्हां यजमानांनीं आपण होऊन तो घालावयाचें ठरविलें आहे. माहिती थोडीच मिळेल, कदाचित् एखाद्या वाडीचें किंवा देवस्थानाचें नांव. परंतु पूर्वजांनीं काय मिळविलें याबरोबर कोणाच्या जागीं मिळविलें हेंहि नातवंडांनीं वाचावें. वाडवडिलांविषयीं आदर त्यानें उणा होत नाहीं. उलट ते देव नसून माणसें होतीं एवढेंच कळतें, आणि माणसांचेंच ऋण फेडतां येतें.