मोजून दिलेली ऊब

साप पाळावा का, हा वाद लंडनला माझ्या लेकीच्या घरात अजून मिटलेला नाही. बेळगावात आपण सापाला लांबूनच हात जोडणार. नातवानं मात्र बॉल पायथन पाळलाय. मूळ पश्चिम आफ्रिकेकडचा जीव. सापाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, ती बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून काचेच्या पेटीचं एक टोक 32 अंशांपर्यंत, दुसरं 25च्या आसपास. "सगळी पेटी तापवायची नाही आज्जी, त्याला हवं तिकडं सरकता आलं पाहिजे," नातू सांगतो. दिव्याला थर्मोस्टॅट, भोवती जाळी. नाहीतर भाजेल बिचारा.

खरी अडचण जेवणाची. उंदीर! त्या वेळी मी खोलीबाहेर. पण खाल्ल्यावर ऊब कमी पडली तर त्याला पचत नाही, ओकून टाकतो, हे कळलं आणि वाटलं, मग त्या उंदराचा जीवही फुकटच गेला की. तिकडं असले, की अशा रात्री उठून थर्मामीटर बघते ती मीच.

साप पाळू नये, हे माझं म्हणणं कायम आहे. पण त्याच्या वाट्याचं ऊन आपण काढून घेतलं, तर ते मोजून परत द्यायला नको?