खेड्यांतील ‘रेंज’ आणि छपरावरील अँटेना

पूर्वी आमच्या जिल्ह्यांत दोन गांवकरी वाटेंत भेटले म्हणजे पहिला प्रश्न पावसाचा असे. आतां त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न येऊन बसला आहे: ‘तुमच्याकडे रेंज आहे कां?’ नगर शहरांत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांस हा प्रश्न कदाचित् विनोदाचा वाटेल. परंतु ज्यांचीं घरें अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूस आहेत, त्यांस तो तसा वाटत नाहीं. आमचा जिल्हा (२०२४ सालापासून याचें सरकारी नांव अहिल्यानगर) क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, सुमारें १७,००० चौरस किलोमीटरांचा. त्याच्या पूर्वेस उघडा माळ आहे, तर पश्चिमेस १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर. माळावर उभ्या असलेल्या टॉवराची लहर दूरवर जाते; सह्याद्रीच्या कुशींत मात्र डोंगराची एक सोंड आडवी आली कीं पलीकडची वाडी मुकी झालीच म्हणून समजावें.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या व अभ्यास फोनवर आला, तेव्हां या मुकेपणाची किंमत सर्वांस कळली. डोंगराळ भागांतील मुलें फोन घेऊन टेकडीवर अगर खिंडींत जाऊन बसूं लागलीं. पुढें शाळा उघडल्या. पण हा प्रश्न त्यांजबरोबर संपला नाहीं. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यांत ऑनलाइन होऊं लागले आहेत. अर्ज तेथेंच भरावयाचा व यादी तेथेंच पाहावयाची. दहावीस चांगले गुण मिळविलेल्या मुलीनें त्या अर्जासाठीं ऐन पावसाळ्यांत खिंड चढावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

अशाच एका घरीं आम्ही गेल्या उन्हाळ्यांत दोन दिवस राहिलों होतों. घर दरींत असून भिंती काळ्या दगडाच्या व वर लोखंडी पत्रे. घरामागील टेकाडावर फोन चांगला बोले आणि घरांत पाऊल टाकतांच गप्प होई. घरधनी म्हणाले, “गुरुजी, रेंज उंबऱ्यापर्यंत येते अन् तिथूनच माघारी जाते बघा.” हें वाक्य त्यांनीं थट्टेनें उच्चारलें, परंतु शास्त्रदृष्ट्या तें जवळजवळ अक्षरशः खरें आहे. लोखंडी पत्रा रेडिओलहरींस आरशाप्रमाणें परत फिरवितो आणि जाड दगडी भिंत त्यांतील बराच अंश गिळून टाकते. म्हणजे लहर गांवांत येतच नाहीं असें नव्हे; ती छपरापर्यंत येते, आंत येत नाहीं.

हें अनुमान पडताळून पाहण्यास पैसा लागत नाहीं. फोनच्या सेटिंगांत ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ या नांवाखालीं एक उणे आंकडा दिसतो. तो उणे ८५ च्या आसपास असला तर उत्तम. उणे ११० च्या खालीं गेला तर काम कठीण. या मापांत दहाचा फरक म्हणजे दहापट शक्ति व तीनचा फरक म्हणजे दुप्पट, हें ध्यानांत ठेवावें. त्या घरीं चुलीजवळ आंकडा उणे ११८ आला व शिडी लावून पत्र्यावर चढल्यावर उणे १०६. मग फोन एका लांब बांबूस बांधून तो उभा धरला व कांहीं वेळानें खालीं घेऊन पाहिलें, तों उणे १०० ची नोंद! चूल व बांबूचें टोक यांत फार तर तीस फुटांचें अंतर, आणि शक्तींत साठपटींहून अधिक फरक. दुकानदाराकडे जाण्यापूर्वीं प्रत्येकानें हा बांबूचा प्रयोग करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

अँटेना काय करतो, हें त्या घरच्या आजीबाईंस समजावून देण्याचा प्रसंग आला तेव्हां आम्हीं पन्हळीचें उदाहरण घेतलें. पन्हळ पाऊस पाडीत नाहीं. छपरावर पडलेलें पाणी गोळा करून एका धारेनें हंड्यांत सोडते. अँटेनाही लहर निर्माण करीत नाहीं, तर एका दिशेकडून येणारी लहर वेंचून एका तारेंत सोडतो. आजीबाईंनीं लगेच विचारलें, “अन् पन्हळच गळकी असली तर?” या प्रश्नाकडे आम्ही पुढें येऊंच.

आमच्या वाचकांच्या वडील मंडळींस असला अँटेना नवा नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, व पुढील वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें पुण्यासही चित्रें दिसूं लागलीं. त्यानंतरच्या काळांत गांवोगांव छपरांवर माशाच्या कांट्यासारखे सांगाडे उभे राहिले. एकानें वर चढून तो फिरवावयाचा, दुसऱ्यानें खिडकींतून “आलं, आलं! गेलं!” असें ओरडावयाचें, हा सोहळा कोणाच्या स्मरणांत नाहीं? तो सांगाडा जपानांतील सेंदाई येथील उदा व यागी या दोन विद्वानांनीं १९२६ च्या सुमारास जगापुढें ठेविला. मोबाइलचा अँटेनाही पुष्कळदां त्याच कुळींतला असतो, केवळ आकारानें लहान. दूरदर्शनच्या त्या लहरी कित्येक फूट लांबीच्या. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यांतील लहर सतरा सेंटिमीटरांहूनही थोडी आंखूड, आणि ८५० पट्ट्यांतील सुमारें पस्तीस. म्हणून माळ्यावर पडलेला जुना सांगाडा खालीं काढून मोबाइलसाठीं लावूं नये. तो निरुपयोगी आहे. आपल्याकडील टॉवर कोणत्या पट्ट्यांत बोलतो तें पाहूनच अँटेना घ्यावा.

आतां आजीबाईंची गळकी पन्हळ. ती म्हणजे अँटेनापासून राउटरपर्यंत येणारी तार. बाजारांत अँटेनाबरोबर मिळणारी बारीक काळी तार १८०० च्या पट्ट्यांत दहा मीटर लांब वापरली, तर वेंचलेल्या शक्तीचा पाऊणाहून अधिक भाग तिच्यांतच जिरतो! छपरावर मोठ्या कष्टानें मिळविलेलें धन घरांत येईपर्यंत वाटेंतच लुटलें जातें, आणि मग लोक अँटेनास दोष देतात. यास दोन उपाय. जाड व चांगल्या प्रतीची तार घेऊन ती शक्य तितकी आंखूड ठेवावी; अथवा, जें आम्हांस अधिक पसंत आहे, राउटरच पाणी न शिरणाऱ्या डबींत घालून अँटेनाजवळ बांबूवर बसवावा व तेथून साधी नेटवर्कची तार घरांत आणावी. या दुसऱ्या तारेंतून माहिती आंकड्यांच्या रूपानें येते, त्यामुळें घरगुती अंतरांत तिचें कांहीं बिघडत नाहीं.

त्या घरीं आम्हीं हाच मार्ग धरला. फोर-जीचा राउटर दोन अँटेनांनीं ऐकतो. म्हणून दोन्ही सांगाडे एकाच दिशेकडे तोंड करून, पण एक डावीकडे व दुसरा उजवीकडे पंचेचाळीस अंशांनीं कलता बांधला. दिशा ठरविण्यास मात्र अर्धा दिवस लागला. जवळचा टॉवर सोंडेआड असल्यानें त्याकडे तोंड करून कांहींच लाभ होईना. शेवटीं धरणाच्या जलाशयापलीकडील, अंतरानें कितीतरी दूरचा टॉवर उपयोगी पडला, कारण मध्यें केवळ पाणी होतें. १९२६ सालीं पुरें झालेल्या त्या धरणानें नगरच्या शेतांस पाणी दिलें; आमच्या कामीं त्याचा असाही उपयोग झाला! राउटर, अँटेना व तार मिळून झालेला खर्च एका शेळीच्या किंमतीच्या आंत बसला.

लाभ सर्वांत अधिक दिसला तो पाठविण्याच्या कामीं. फोनची बोलण्याची शक्ति फार तर एक पंचमांश वॅट. टॉवराची तिच्या कितीतरी पट. त्यामुळें टॉवराचें बोलणें आपणांस ऐकूं येतें, परंतु आपलें त्यास पोहोंचत नाहीं, आणि गुणपत्रकाचें चित्र अर्ध्यावर अडकून बसतें. अँटेना दोन्ही दिशांनीं उपकारक होतो, हें त्याचें मोठें मर्म.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ‘बूस्टर’ या नांवानें लहर वाढवून पुन्हां हवेंत फेकणारीं यंत्रें विकलीं जातात. परवान्याशिवाय तीं बाळगणें व वापरणें बेकायदा असल्याचें केंद्राच्या दूरसंचार खात्यानें जाहीर केलें आहे, आणि तें योग्यच आहे, कारण तसल्या एका यंत्राच्या गोंगाटानें साऱ्या गांवाचे फोन बिघडूं शकतात. दुसरें असें कीं, वळवाच्या विजा चमकूं लागण्यापूर्वींच तार काढून ठेवावी. बांबूवरील धातु हें विजेस आमंत्रण होय.

आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, आकाशांतील अतिशय क्षीण रेडिओलहरी वेंचणाऱ्या ३० प्रचंड तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशगंगांचा आवाज ऐकणारें तें यंत्रही शेवटीं वेंचण्याचेंच काम करतें. जेथें कांहींच पडत नाहीं तेथें वेंचणार काय? त्या दरीच्या पुढील वाडीवर आम्हीं बांबू उभारून पाहिला. फोनानें कोणताच आंकडा दाखविला नाहीं. तेथील एका गृहस्थांनीं अँटेनासाठीं पैसे काढून ठेवले होते, ते आम्हीं खर्चूं दिले नाहींत. अशा वाडीस टॉवरच हवा. रेंज न पोहोंचलेल्या २४,६८० गांवांसाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालच्या जुलैंत २६,३१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली होती. तिचा आधार घेऊन ग्रामसभेचा ठराव कसा लिहावा, हें आम्हीं त्याच रात्रीं कंदिलाजवळ बसून मंडळींस सांगितलें. ठराव पुढें झाला व अर्जही गेला. तोंवर त्या वाडीचीं चार मुलें खिंड न चढतां, दरींतील त्या दगडी घरीं संध्याकाळीं अभ्यासास येऊन बसतात. आजीबाई त्यांजकडून आधीं पायांचा चिखल धुऊन घेतात.