दीड इंचाची रेघ

माणसाला एखादा छंद असावा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहुधा तो नसतो. मला प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडून रंगवायचा छंद आहे. प्रमाण एकास बहात्तर. या हिशेबानं अख्खं मिग-२१ वीतभर होतं आणि त्याचे सुटे भाग आमच्या जेवणाच्या टेबलावर मावतात. मग जेवण मावत नाही, ही हिची तक्रार वेगळी.

इतकी वर्षं मी साध्या ब्रशनं रंगवत आलो. पण एक दिवस सहज आकडेमोड केली. ब्रशच्या केसाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर छत्तीस मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दीड इंच रुंद! असलं विमान घेऊन कोण उडेल? मी कॉमर्सचा पदवीधर, आकड्यांपुढे मान तुकवणं हा आमचा धर्म. पगाराची थकबाकी मिळाली, तिचा एअरब्रश आला.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी, मागे कॉम्प्रेसर. घोडा दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. रंग धुक्यासारखा बसतो, रेघ म्हणून नाही. ही झाली जमेची बाजू. आता नावेची. रंग दुधाइतका पातळ हवा, असं सांगतात. म्हशीच्या की आमच्या गवळ्याच्या, ते सांगत नाहीत. फार पातळ झाला तर पंखावर कोळ्याचे पाय पसरतात, घट्ट राहिला तर पिचकारी पान खाल्ल्यासारखी थुंकते. रंगवायला दोन मिनिटं आणि मग सुई काढा, तोटी धुवा, यात वीस मिनिटं. शिवाय तोंडाला मास्क, खिडकी सताड उघडी आणि दार बंद. घोडा एकच, त्यामुळे माणूसही एकच.

बरं, एवढं करून ब्रश सुटतो का? वैमानिकाची खुर्ची, टायर, घड्याळांची पाटी यांवर पिचकारी मारायची तर आजूबाजूचं सगळं चिकटपट्टीनं झाकत बसा. तिथं ब्रशच बरा. पातळ दोन-तीन थर द्यायचे, पहिला पूर्ण सुकला की दुसरा आडवा. ओल्या रंगावर पुन्हा हात फिरवायचा नाही. शेवटची अट मला जड जाते. केलेलं पुन्हा तपासायचं, ही बँकेची सवय.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. १९६३पासूनची नोकरी, बासष्ट वर्षं! आम्हाला साठाव्या वर्षीच नारळ देतात. त्या संध्याकाळी मी कपाटावरचं जुनं मिग खाली काढलं. रंग खरवडून पिचकारीनं नवं करायचं, असा बेत. पालथं केलं तर डाव्या पंखाखाली रंगाचे जाड पट्टे, एक ओघळ आणि त्यात अडकलेला ब्रशचा केस. आठवलं. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. मी चहाला उठलो तेवढ्यात तिनं तो पंख पुरा केला होता. मी बराच रागावलो होतो, हेही आठवलं. आता ती शिकायला परगावी असते.

रात्री फोनवर तिला सांगितलं, “तुझा तो पंख आता मस्त गुळगुळीत करतोय.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, “बाबा, उजवा करा. डावा माझा आहे.”

ही आतून म्हणाली, “अहो, ऐका जरा तिचं.”

तेव्हा माझा निकाल असा: विमानाच्या अंगाला पिचकारी, बारीकसारीक भागांना ब्रश आणि डाव्या पंखाला हात लावायचा नाही. दोन्ही पंखांचा मेळ बसत नाही, मान्य आहे. तेवढी दीड इंचाची तफावत मी सस्पेन्स खात्यात टाकली आहे. ती एन्ट्री माझ्या हयातीत तरी मिटायची नाही.